गाडी बंद पडली तर?

लग्नाची पूजा झाली, पाहुणे पांगले आणि सासूबाईंनी माझ्यासमोर मिक्सर आणून ठेवला. मला वाटलं, चटणी वाटायची असेल. शेंगदाणे कुठे आहेत, असं मी मोठ्या अदबीनं विचारलं. त्यांनी माझ्या हातात पेचकस दिला आणि म्हणाल्या, "उघड."

"काय उघडू?"

"मिक्सर. दुसरं काय ठिवलंय पुढं?"

मी शहरातली, गुलमंडीच्या बाजारपेठेतली. आमचं कापडाचं छोटं दुकान, आणि माहेरी बल्ब बदलायचा तरी वायरमनला फोन जायचा. पेचकस मी आयुष्यात लांबूनच पाहिलेला. हातावरची मेंदीसुद्धा अजून उतरली नव्हती. मी नवऱ्याकडे पाहिलं, तर तो शेजारी मांडी घालून निवांत बसलेला. सत्यनारायणानंतर हाही एक विधी असतो, असा त्याचा चेहरा.

आणि तो विधीच होता. घरात जी वस्तू वापरायची, ती आधी एकदा उघडून आतून बघायची, हा सासूबाईंचा कायदा. माझ्या थोरल्या जाऊबाईंना त्यांनी गॅसची शेगडी खोलायला लावली होती. जावयाला तर विहिरीवरची मोटर. तेव्हापासून जावई सासुरवाडीला येत नाहीत, असं गावात म्हणतात, पण ते खोटं आहे. ते येतात. फक्त निघण्याआधी फोन करून घरातलं सगळं धड चालू आहे ना, याची खात्री करून घेतात.

मी मिक्सर उघडला. परत जोडायला मला संध्याकाळ झाली. सासूबाई तेवढा वेळ समोर बसून लसूण सोलत होत्या. एकदाही हात लावला नाही, एकदाही शाबास म्हणाल्या नाहीत. मिक्सर फिरला तेव्हा त्यांनी सोललेला लसूण माझ्यापुढे सरकवला आणि म्हणाल्या, "आता वाट चटणी."

आमच्याकडे सासूला आत्या म्हणतात. हर्सूल मागे टाकून फुलंब्रीच्या रस्त्याला लागलं की थोडं आत आमचं गाव. तिथल्या लोकांनी आत्यांना बरीच नावं ठेवली होती, त्यातल्या त्यात सभ्य म्हणजे 'जीपवाली'. सासरे माझ्या लग्नाच्या बऱ्याच आधी वारले. त्यांच्या मागे राहिलेली जुनी जीप आत्यांनी विकू दिली नाही आणि कुणाला चालवूही दिली नाही. उंच बांधा, सावळा रंग, नऊवारी लुगडं, अंगावर दागिना म्हणून काही नाही, आणि कानामागे पेन्सिल खोचावी तसा टेस्टर खोचलेला. देवळात जातानासुद्धा तो तिथेच असायचा. मागच्या वर्षी त्या गेल्या. घरातला कुठलाही पंखा कुरकुरला की अजूनही आम्ही सगळे आधी दाराकडे बघतो.

दुरुस्तीची त्यांची एक रीत होती आणि ती कुणी मोडलेली त्यांना खपत नसे. आधी नाक, मग कान, हात सगळ्यात शेवटी. बिघडलेल्या वस्तूशेजारी बसून त्या पहिल्यांदा नुसता वास घ्यायच्या. मग ती चालू करून डोळे मिटून ऐकायच्या. त्या वेळी घरात कुणी बोललं की त्याचं काही खरं नाही. गावातल्या बायका इस्त्री, कुकर, शिलाई मशीन असलं काहीबाही घेऊन यायच्या आणि उंबऱ्यातूनच सुरू व्हायच्या, की परवापासनं असं होतंय आणि काल तर तसं झालं. आत्या म्हणायच्या, "तू गप बस. तिला बोलू दी." ती म्हणजे मशीन.

एकदा एका बाईच्या शिलाई मशीनला कान लावून त्या बराच वेळ बसल्या.

"काय झालं हो तिला?" बाईनं घाबरून विचारलं.

"रुसलीय. तेल कवा घातलं व्हतं?"

"दिवाळीला."

"कोणत्या?"

बाई बोटांवर मोजायला लागली. आत्यांनी तेल घातलं, चाक फिरवलं आणि मशीन तिच्या डोक्यावर ठेवता ठेवता सुनावलं, "तू दिवाळीला जेवलीस, त्याच्यावर आजपतोर ऱ्हाशील का?"

मारझोडीचा त्यांना भयंकर राग. टीव्हीचा रिमोट चालेना की आपण सगळेच तो तळहातावर आपटतो. आमच्या घरात असं करणाऱ्या पाहुण्याच्या हातातून रिमोट काढून घेतला जायचा. "मारून कुणी सुधरत नाय," आत्या म्हणायच्या. "ना पोरगं, ना रिमोट."

त्याहून मोठा राग तात्पुरत्या कामाचा. नळाला सुतळी गुंडाळली, पंख्याच्या बटनाला काडी लावली, की लोकांना कसं भारी वाटतं. आत्यांना लाज वाटायची. नड म्हणून असं काही करावंच लागलं, तर त्या त्या वस्तूला लाल चिंधी बांधून ठेवायच्या, आणि पक्कं काम होईपर्यंत चिंधी सुटायची नाही. येणाऱ्या-जाणाऱ्याला ती दिसली पाहिजे, घरातल्यांच्या डोळ्यांत ती खुपली पाहिजे. बाहेरच्या माणसाला यातलं काय कळणार? जाऊबाईंच्या माहेरून आलेल्या एका म्हाताऱ्या पाहुणीनं न्हाणीतल्या नळाची चिंधी पाहून नळाला मनोभावे नमस्कार केला होता. आत्यांनी तिला थांबवलं नाही. म्हणाल्या, "करू द्या. त्या नळाला देवाचीच गरज हाय."

आता आत्यांचं सगळंच जमायचं, असं मी म्हणणार नाही. ननंदेनं नवं कपडे धुण्याचं मशीन घेतलं, तर त्याची वॉरंटी चालू असताना आत्यांनी ते खोललं. मशीन तसं उत्तम चाललं होतं. आत्यांना फक्त बघायचं होतं. परत जोडल्यावर एक स्क्रू उरला. दुसरं कुणी असतं तर ओशाळलं असतं. आत्यांनी तो स्क्रू उजेडात धरून निरखला, लेकीच्या हातावर ठेवला आणि सांगितलं, "कंपनीवाल्यांनी जादाचा लावला व्हता." ननंद अजून तो जपून ठेवते, आणि मशीन अजून चालतं. त्यामुळे भांडायचीही सोय नाही.

दुसऱ्याच्या वस्तूवरून नजर काढून घेणं त्यांना जमतच नसे. भावकीतल्या एका लग्नात मंगलाष्टकं चालू असताना माइक किंचाळायला लागला. भटजी खाकरताहेत, नवरदेवाचा मामा वायर हलवतोय, नवरी घामाघूम. आत्यांनी हातातल्या अक्षता माझ्या ओंजळीत ओतल्या आणि त्या मांडवाच्या मागे गेल्या. पुढचं 'सावधान' गावाच्या वेशीपर्यंत ऐकू गेलं. त्या लग्नाच्या एकाही फोटोत आत्या नाहीत.

फर्दापूरची गोष्ट तर आमच्या घरात अजून सांगितली जाते. ननंद तिकडे दिलेली. तिचं डोहाळजेवण होतं आणि आम्ही सगळ्या बायका जीपमधून निघालो. मागे फुलं, फळं, साडी, ओटीचं सामान, आणि जाऊबाईंच्या मांडीवर लाडवांचा डबा. अजिंठ्याचा घाट लागला आणि जीपच्या तोंडातून वाफ निघायला लागली. आत्यांनी गाडी बाजूला घेतली. खाली उतरून वास घेतला, कान दिला आणि जाहीर केलं, "पाणी गळायलंय. रेडिएटरला बारीक चीर हाय."

मला वाटलं, आता फोन करायचा, कुणीतरी यायचं, दिवस गेला. आत्या म्हणाल्या, "जेवून घ्या."

"आत्ता?" मी विचारलं.

"मग काय, तापलेल्या गाडीचं झाकण उघडून तोंड भाजून घ्यायचंय? ती निवंस्तवर आपण काय करायलोत?"

आम्ही घाटात, रस्त्याच्या कडेला, भरजरी साड्या नेसून डब्यातल्या पोळ्या खाल्ल्या. लेणी बघायला चाललेली एक बस थांबली. त्यातल्या परदेशी पाहुण्यांना वाटलं असावं, ही इथली काहीतरी रीत असेल. त्यांनी भराभरा फोटो काढले. आत्यांनी बसच्या ड्रायव्हरला खाली उतरवला आणि त्याच्याकडून पाण्याचा कॅन मिळवला. मग गाडी निवाल्यावर झाकण उघडलं आणि माझ्याकडे हात केला.

"हळद दे."

"कुठली हळद?"

"ओटीची. पुडा हाय की मोठा."

जाऊबाईंनी 'अहो, ओटीची!' म्हणेपर्यंत आत्यांनी अख्खा पुडा पाण्यात कालवून रेडिएटरमध्ये ओतला होता. हळद फुगते आणि बारीक चीर धरून ठेवते, हे मला त्या दिवशी कळलं. जीप फर्दापूरला ननंदेच्या दारात जाऊन उभी राहिली तेव्हा पुढच्या जाळीवर पिवळे ओघळ आले होते. विहीणबाई बघतच राहिल्या. आत्या उतरल्या, पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "लेकीच्या आधी गाडीचीच ओटी भरली. तुमच्या घरची चिमूटभर हळद द्या." घरी परतल्यावर जीपच्या नाकाला लाल चिंधी बांधली गेली, आणि शहरातून नवा रेडिएटर आणून बसवल्यावरच ती सुटली.

अशा घरात मी हळूहळू शिकले. हौसेनं नव्हे, नाइलाजानं. पंक्चर काढायला शिकले, मोपेडचा प्लग काढून घासायला शिकले, फ्यूज बांधायला शिकले. सुरुवातीला मला आत्यांचा राग यायचा. इतर सासवा सुनांना पुरणपोळी शिकवतात, मग मलाच कसली ही शिक्षा, असं वाटायचं. नंतर कधीतरी तो राग विरला. माहेरी गेले असताना दुकानाचं शटर अडकलं आणि माणूस बोलवायच्या आत मी ते सरळ केलं, तेव्हा वडील माझ्याकडे असे पाहत राहिले, की त्या नजरेवर मी वर्षभर खूश होते.

आता मुख्य गोष्ट सांगते. आत्या म्हटलं की मला जी संध्याकाळ आठवते, ती.

मी लॅब टेक्निशियनचा कोर्स केलेला. लग्नाआधी काम करत होते, लग्नानंतर सुटलं. मग एके दिवशी शहरातल्या एका मोठ्या लॅबमधून बोलावणं आलं. काम मला आवडणारं, माणसं ओळखीची. अडचण एकच. उपाशीपोटी रक्त द्यायला लोक भल्या सकाळी येतात, म्हणजे मला घरातून उजाडायच्या आत निघावं लागणार. त्या वेळेला आमच्या गावाहून एस.टी. नाही. नवरा वाळूजला कारखान्यात, त्याच्या पाळ्या बदलत्या. राहिली घरातली मोपेड. ती मला चालवता येत होती. आणि मला ती नोकरी मनापासून हवी होती. मिक्सर, मोटरी, मिरच्या आणि म्हैस यांच्यापलीकडे मला माझं असं काहीतरी हवं होतं.

आत्यांनी एवढंच विचारलं, "जायचं का तुला?"

"व्हय," मी म्हणाले. तोवर माझ्याही तोंडात 'व्हय' बसलं होतं.

"मग जा."

पण भावकीत बातमी पोचली आणि दोन दिवसांनी संध्याकाळी आबा आले. आबा म्हणजे सासऱ्यांचे थोरले चुलत भाऊ. वाईट माणूस नव्हे, हे आधीच सांगायला हवं. सासरे गेले त्या साली आमच्या शेताची पेरणी आबांनी स्वतः उभं राहून करून घेतली होती. म्हणून तर त्यांचा शब्द मोडायला कुणी धजत नसे. सोबत भावकीतले आणखी काही जण, सगळे आपापल्या मोटारसायकलींवर. गाड्या अंगणाबाहेर गोठ्याच्या भिंतीलगत लागल्या आणि मंडळी ओसरीत सतरंजीवर बसली.

आबा नात्यानं आत्यांचे थोरले दीर, आमच्याकडे भाया म्हणतात, म्हणजे आत्यांनी त्यांच्याशी समोरासमोर बोलायचं नाही. ही रीत आत्यांनी कधी मोडली नाही, पण गप्पही कधी बसल्या नाहीत. डोक्यावर पदर घेऊन त्या अंगणात बांधलेल्या म्हशीकडे तोंड करून बोलायच्या. काय म्हणायचं ते सगळं म्हशीला सांगायच्या. ऐकायचं ते आबा ऐकायचे.

"सूनबाई शिकलेली हाय, लई चांगलं," आबांनी सुरुवात केली. "पण उजाडायच्या आत एकटी बाई रस्त्यानं. उद्या गाडी बंद पडली तर? हर्सूलच्या तळ्यापाशी त्या टायमाला कुत्रं बी नसतंय. मग कोण धावंल?"

"मी सोडत जाईन की," नवरा म्हणाला. "पाळी नसंल तवा."

"आन् असंल तवा?"

नवरा सतरंजीचा दोरा ओढायला लागला. बाकीच्यांनी माना हलवल्या. मी दारामागे उभी होते. माझा सगळा भरवसा आत्यांवर. त्या म्हशीला काय सांगतात, तिकडे माझे कान लागलेले.

आत्या म्हशीला म्हणाल्या, "सवाल बराबर हाय बाई."

म्हणजे आत्यासुद्धा त्यांच्याच बाजूच्या! वर त्या "च्या ठेवते" असं पुटपुटल्या आणि उठून गेल्या. आत्या कधीही चहा ठेवायला उठत नसत. चहा शेवटी जाऊबाईंनीच केला. ओसरीत तोवर निकाल लागला होता. घाई कशाला, पुढच्या वर्षी बघू, लेकरंबाळं होऊ द्या. कुणीतरी असंही म्हणालं की गावातच एखादी लॅब निघाली तर बघता येईल. आमच्या गावात मेडिकलचं दुकान नाही. मी कपबशा गोळा करायला लागले.

मंडळी उठली. बाहेर गेली. पहिल्यानं किक मारली. गाडी चालू होईना. त्यानं पुन्हा मारली. दुसऱ्याची बटनाची गाडी, ती नुसतीच घुरघुरली. तिसरा हसायला लागला, त्याची स्वतःचीही चालू होईना तेव्हा थांबला. सगळ्यांच्या गाड्या बंद. भिंतीलगत गडीमाणसं रांगेनं किका मारताहेत आणि एकही गाडी दाद देत नाही.

आत्या गोठ्यातून आल्या. डोक्यावर पदर, हातात वैरणीची पेंढी. म्हशीपुढे बसून तिला एकेक काडी घालायला लागल्या.

"आता गं बाई," त्या म्हशीला म्हणाल्या, "एवढे सगळे बाप्ये, आन् एकाची बी गाडी चालू व्हईना. रात पडायली. ह्यांच्यासाठी कोण धावंल?"

एका तरुण दिराला हसू फुटलं, ते त्यानं खोकला म्हणून खपवलं. आबांच्या कपाळावर आठी.

"पोरी," आत्यांनी मला हाक मारली, "बघ जरा, काय झालंय गाड्यांना."

मी पदर कमरेला खोचला आणि गेले. पहिल्याच गाडीपाशी वाकले तर प्लगवर बसणारी वायरीची टोपी निसटून लोंबतेय. दुसरीचीही. तिसरीचीही. तेव्हा मला चहाचं रहस्य उलगडलं. हसू इतकं आलं की मी ओठ चावून धरला. एकेका प्लगवर टोपी दाबून बसवत गेले, एकेक गाडी चालू होत गेली. गडी गाडीवर बसायचे आणि माझ्याकडे न बघता पुढे जाऊन थांबायचे. ह्या बाईचा मला त्या क्षणी इतका अभिमान वाटला, की ती माझी सासू आहे हे ओरडून सांगावंसं वाटलं.

शेवटची आबांची. जुनी गाडी, पण जिवापाड जपलेली. मी टोपी बसवली. आबांनी किक मारली. काही नाही. पुन्हा मारली. काहीच नाही.

मी वळून पाहिलं. आत्यांचा हात म्हशीच्या तोंडापाशी थबकला होता. त्यांच्या चेहऱ्यावरून मला कळलं, हे त्यांच्या मनात नव्हतं. इथे खरोखर काहीतरी बिघडलं होतं. आणि आता जर मला जमलं नाही, तर सगळा डाव आमच्यावरच उलटणार होता. आबा म्हणणार, बघा, मी काय सांगत होतो. आणि त्यांचं चूक म्हणता आलं नसतं.

आत्या उठतील म्हणून मी वाट पाहिली. टेस्टर त्यांच्या कानामागे होता. त्या उठल्या नाहीत. खाली बघून वैरण घालत राहिल्या.

मग मी गाडीपाशी उकिडवी बसले. आधी नाक. पेट्रोलचा वास येत होता, म्हणजे पेट्रोल पोचतंय. मग कान.

"आबा, किक मारा," मी म्हणाले.

आबांना असं सांगणारं त्या घरात आजवर कुणी निघालं नव्हतं. आबांनी माझ्याकडे पाहिलं, आणि किक मारली. इंजिन फिरत होतं, पण पेट घेत नव्हतं. मी प्लग काढला, पुसला, टोपीत अडकवून इंजिनला टेकवून धरला. "मारा." ठिणगीचं नाव नाही. टोपी पिरगाळून वायरीवरून काढली. आत वायरीचं टोक जळून काळं पडलं होतं, आणि ओढल्यामुळे तुटून आलं होतं. मी गोठ्यातला विळा घेतला, काळा भाग छाटला, स्वच्छ तांबं दिसेपर्यंत. टोपी पुन्हा पिळून बसवली. प्लग टेकवला.

"मारा."

संधिप्रकाशात निळी ठिणगी सगळ्यांना दिसली. मी प्लग जागेवर पिळून घट्ट केला आणि टोपी चढवली. आबांनी शेवटची किक मारली आणि गाडीनं एक ढेकर देऊन धूर सोडला. चालू झाली. म्हैस दचकून मागे सरकली.

आबा लगेच निघाले नाहीत. गाडी तशीच चालू ठेवून ते बराच वेळ आवाज ऐकत राहिले. मग आमच्याकडे न बघता त्यांनी म्हशीला विचारलं, "टोप्या कुणी काढल्या व्हत्या गं?"

म्हशीनं काही सांगितलं नाही. आत्यांनीही नाही.

"बरं," आबा म्हणाले, आणि मग सरळ माझ्याकडे वळले. "जा पोरी नोकरीला. हर्सूल गेलं की मला एक मिस कॉल देत जा. मी तसाबी लवकर उठतो."

गाड्या गेल्या. धूळ बसली. माझे हात कोपरापर्यंत काळे झाले होते. न्हाणीपाशी मी हात पुढे केले आणि आत्या तांब्यानं पाणी ओतायला लागल्या. मला आता बोलायचंच होतं.

"आत्या, आबांच्या गाडीची वायर..."

"माझ्याच हातून तुटली. घाईत वढली."

"मग उठला का नाहीत? मला जमलं नसतं तर?"

"म्या उठले असते तर गाडी चालू झाली असती," आत्या म्हणाल्या, "आन् तुझी नोकरी गेली असती."

त्यांनी तांब्या पुन्हा भरला. ओतला नाही, तसाच धरून ठेवला.

"माझी गेलती," त्या म्हणाल्या.

मला समजलं नाही. इतक्या वर्षांत त्या स्वतःबद्दल कधी काही बोलल्या नव्हत्या.

"बालवाडीवर घेणार व्हते. पल्याडच्या गावात. मी सातवी पास, तवा इथं तेवढी शिकलेली सून दुसरी नव्हती. सायकलनं जायचं व्हतं. ह्याच वसरीत बसले व्हते सगळे. आबांचे वडील व्हते तवा. चेन पडली तर काय करशील, एवढंच इचारलं मला. म्या गप. मला येतच नव्हतं."

"मग?"

"मग काय. दुसरीला घेतलं. दुसऱ्या दिवशी म्या सायकल उलटी केली. चेन काढली, बसवली. पुन्यांदा काढली, पुन्यांदा बसवली. दुपारपतोर तेच. जमायली तर लई सोपी निघाली गं ती."

मी विचारू नये ते विचारलं, "रडलात?"

"रडू यायलतं की. पण हात सगळे वंगणानं काळे. डोळे पुसायचे कशानं?"

माझेही हात तेव्हा तसेच होते, कोपरापर्यंत. आत्यांनी ते पाहिलं. स्वतःचा पदर पुढे घेतला आणि माझे डोळे पुसले. मग कोनाड्यातली साबणाची वडी माझ्या हातावर ठेवली आणि नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "घास नीट. नखातलं बी काढ. रक्त द्यायला आलेली माणसं असले हात बघून पळून जात्याल."